पोवळ्याचं जेवण

"जेव रे बाबा, जेव. उपाशी नको राहू," असं म्हणत जगनने आपल्या अंगठीतल्या पोवळ्यावर शेवेचा एक तुकडा ठेवला आणि हात यूनुसच्या नाकासमोर धरला. "बघ यूनुसभाई, हा तोंडच उघडत नाय. तुझ्या तिकडचं पोवळं म्हणे चापून जेवायचं. माझ्याचा काय मंगळवार हाय?"

अष्टमी गावच्या नाक्यावरच्या जगनच्या हॉटेलात एकच हशा पिकला. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि रोज तीच माणसं. विनोदही रोज तोच, पण चार वर्षं झाली तरी तो कुणाला शिळा वाटत नव्हता. यूनुस स्वतःही हसला. त्याचं पंक्चरचं दुकान हॉटेलला लागूनच होतं आणि चहासाठी दुसरीकडे जायचं तर पूल ओलांडून रोह्यात जावं लागलं असतं. शिवाय ज्याच्यावर हसायचं तो माणूस स्वतः हसला नाही तर गाव फार चिडतं, एवढं त्याला कळून चुकलं होतं.

यूनुस नऊ वर्षं सौदीत होता. आखाती युद्ध पेटलं तेव्हा परत आला. अष्टमीतले बाकीचे लोक तिकडून येताना ब्लँकेटं, अत्तरं, टू-इन-वन आणायचे आणि मग घरावर स्लॅब टाकायचे. यूनुसने टू-इन-वन आणला, स्लॅब काही पडला नाही. पहिल्याच आठवड्यात जगनने विचारलं, "काय बघितलंस रे तिकडं?" वाळू, उंट, लांबच लांब गाड्या, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण यूनुसला खरं बोलायची खोड. तो म्हणाला, "पोवळं जेवताना बघितलं."

तिथेच तो फसला. जेद्दाजवळ समुद्राचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं, तिथे तो कामाला होता. अरबीत त्या वस्तूला मरजान म्हणत. मराठीत काय म्हणावं याचा त्याने परतीच्या विमानात विचार केला होता आणि त्याला पोवळं हा एकच शब्द सापडला होता. रोह्यात पोवळं म्हणजे मंगळासाठी बोटात घालायचा लाल खडा, सोनाराकडे मिळतो. मरजान म्हटलं असतं तर जगनच्या हॉटेलात कुणालाच काही कळलं नसतं, आणि न कळण्यातच यूनुसचं भलं होतं. पण आता गावाच्या हाती शब्द लागला होता आणि जगनच्या बोटात अंगठी होतीच.

त्या दिवशी, पंचाण्णव सालच्या जानेवारीत, कोपऱ्यातल्या बाकड्यावर सफारी घातलेला एक अनोळखी माणूस पेणच्या एसटीची वाट बघत बसला होता. हशा ओसरल्यावर त्याने विचारलं, "खरंच जेवतं? कसं काय?"

'कसं' हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. यूनुसने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बाकडं पुढे ओढलं.

"दिवसा बघाल तर दगडच. खरबरीत, हात घासला तर साल निघेल. पण त्याच्यावर बारीक बारीक खळगे असतात. अंधार पडला का एकेका खळग्यातनं एकेक फूल भायेर येतं. फूल म्हंजे जनावर हां. हजारो जनावरं, आणि घर सगळ्यांचं एकच. मला तिथले डॉक्टर हानी पाण्याखाली दिवा धरायला न्यायचे. मिसरचा, म्हंजे इजिप्तचा माणूस, समुद्राचा डॉक्टर. पयलं माझं काम बुडी मारणाऱ्यांच्या टाक्यांत हवा भरायचं, मग त्यांनी मला बुडी मारायला शिकवलं. दिवा लावला का बारीक किडे उजेडावर येतात, आपला जवळा असतो ना, त्याच्यापेक्षा बारीक. किडा पाकळीला लागला का खलास. पाकळीत डंख असतो. मग पाकळी हळूहळू वळते आणि मधल्या तोंडात घास टाकते. एकाने खाल्लं का शेजारच्याला पण पोचतं, आतनं वाट असते. आणि तोंड एकच. खायचं पण त्याच तोंडाने आणि नको ते टाकायचं पण त्याच तोंडाने."

"आपल्या जगनसारखं," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. अनोळखी माणूस हसला नाही.

"मग पुढं?"

"पुढं म्हंजे, दोन जातींची पोवळी जवळ जवळ वाढली ना, तर अंधारात एक पोवळं तोंडातनं पांढरे दोरे सोडतं. दोरे म्हंजे त्याची आतडीच. ती शेजाऱ्याच्या अंगावर टाकतं आणि जागच्या जागी त्याला पचवतं. शेजारी पळणार कुठं? त्याला पाय नायत. सकाळी बघाल तर त्याच्या कडेचा बोटभर पट्टा पांढरा पडलेला, नुसतं हाड उरलेलं. आणि ह्याने दोरे आत घेतलेले, परत दगडासारखं गप. जसं काय केलंच नाय."

"हे तुम्ही स्वतः बघितलं?"

"ह्या डोळ्यांनी. अल्लाची कसम."

तेवढ्यात पेणची एसटी आली. माणूस उठला, आदबीने सलाम करून गेला. संध्याकाळी यूनुस घरी आला तो खुशीत. "आज एक भला माणूस भेटला. शेवटपर्यंत ऐकत होता," असं त्याने बायकोला, ताजुन्निसाला, दोनदा सांगितलं.

तो माणूस ऐकायलाच आला होता. सोयरीक पक्की करण्याआधी मुलीच्या गावच्या नाक्यावर चहा प्यायचा, कुणाला न कळू देता घराची चौकशी करायची, ही इकडची जुनी रीत आहे. यूनुसच्या मुलीला, बतूलला, पेणच्या मुकादमांकडून मागणी आली होती. मुलगा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत होता, तीन महिन्यांच्या रजेवर आला होता. मुकादम त्याचे चुलते, पेणला त्यांची लाकडाची वखार. आणि सफारीवाला त्यांचा भाचा. त्याला नाक्यावर कुणालाच काही विचारावं लागलं नाही, मुलीच्या बापानेच सगळं सांगितलं.

तीन दिवसांनी ताजुन्निसाचा धाकटा भाऊ अस्लम निरोप घेऊन आला. हे स्थळ त्यानेच आणलं होतं.

"पोरगी त्यांना पसंत हाय," तो म्हणाला. "घर पण पसंत हाय. पण ते म्हणतात, पोरीच्या बापाच्या डोक्यात फरक हाय. सौदीला जाऊन आल्यापासून दगडाला तोंड हाय म्हणतो. असलं येड रक्तातनं पुढं येतं, म्हणतात."

ताजुन्निसा हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. "म्हंजे मुरुडचं स्थळ मागच्या साली मागं फिरलं ते ह्याच्यापायी," ती म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "चार वरसं सांगतेय, तोंड आवरा. नाक्यावर बसून दगडाला घास भरवता. पोरीच्या तोंडचा घास जातोय तिकडं ध्यान हाय?"

"मी खोटं काय बोललो?"

"खरं बोललात म्हणून कोण पोरगी नेणार हाय आपली?"

अस्लमने आवाज खाली आणला. "भाईजान, रविवारी मुकादम स्वतः येतायत. फकस्त एवढं बोला, नाक्यावर गंमत करत होतो. दोन शब्द. मिटलं."

बतूल आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. ती एकवीस वर्षांची, बारावी झालेली, रोह्यात एसटीडी बूथवर बसायची. तिला सगळं ऐकू जात होतं. यूनुसने दारातून तिच्याकडे पाहिलं, तिने मान वर केली नाही. तिला काय वाटत असेल याची त्याला खात्री होती. अख्ख्या तालुक्यात एकच माणूस असं होतं जे त्याच्यावर कधी हसलं नव्हतं.

तो तिकडे असताना फोन परवडायचा नाही आणि पत्र लिहायचा यूनुसला कंटाळा. सौदीतले लोक कॅसेटमध्ये बोलून ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर गावी पाठवायचे. बाकीचे बोलायचे ते पगार, पाठदुखी आणि कुणाला सलाम सांगा एवढंच. यूनुस बायकोशी पाच मिनिटं बोलायचा आणि उरलेली कॅसेट लहानग्या बतूलसाठी भरायचा. आज कोणतं पोवळं उघडलं, कुणी काय गिळलं, थाळीएवढ्या एका पोवळ्याने जेलीफिश कसा तासभर लावून पोटात घेतला. रजेवर आला की ती मांडीला मांडी लावून बसायची आणि म्हणायची, "अब्बा, मग पुढं काय झालं?" नऊ वर्षं परमुलखात काढल्याचं त्याला कधी वाईट वाटलं असेल तर त्या प्रश्नाने ते भरून यायचं.

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून, पूल ओलांडून तो रोह्याला कमळाकर मास्तरांच्या घरी गेला. मास्तर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जगनच्या हॉटेलात पेपर वाचायला यायचे. त्यांच्या शब्दाला वजन होतं. यूनुसने दारातच चपला काढल्या आणि सगळं सांगितलं.

"मास्तर, तुम्ही रविवारी नुसतं येऊन बसा. पोवळं जनावर असेल का नसेल, तुम्हाला काय वाटतं तेवढं बोला."

"वाटायचं काय त्यात?" मास्तर म्हणाले. "प्रवाळ प्राणीच आहे. नववीच्या पुस्तकात आहे. दरवर्षी शिकवतो मी."

यूनुस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुम्हाला म्हाइत हाय?"

"अर्धं पान आहे त्याच्यावर. परीक्षेला येत नाही, पण आहे."

"मग चार वरसं तुम्ही..."

"अरे, सगळे हसत होते. मजा चालली होती. मध्येच मी काय धडा शिकवायला घेऊ?" मास्तरांनी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. "आता मी मुकादमांसमोर हो म्हटलं तर उद्या जगन मलाच विचारणार, मास्तर, मग इतके दिवस तुम्ही पण दात का काढत होता? आणि ते शेजाऱ्याला पचवण्याचं तू सांगतोस, ते काही पुस्तकात नाही. अर्ध्याच गोष्टीला मी कशी साक्ष देऊ?"

"ते मी बघितलंय, मास्तर."

"बघितलं असशील. पण तुला काय परीक्षा द्यायचीय? पोरीचं लग्न आहे, गंमत होती म्हणून टाक आणि मोकळा हो." मास्तरांनी त्याला चहाचा आग्रह केला. पुलावरून परत येताना यूनुसला राग आला नाही, नुसती कीव आली, आणि ती कुणाची हे त्याला ठरवता येईना.

रविवारी मुकादम आले. सोबत दोन पुरुष आणि तो सफारीवाला भाचा. ताजुन्निसाने सांदणं केली होती. मुकादम गोड बोलणारा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग पाऊसपाण्याचं झालं, मग बशी हातात घेऊन ते म्हणाले, "यूनुसमियाँ, आमच्या भाच्याला तुम्ही फार मोठी गोष्ट ऐकवलीत म्हणे. आम्हाला पण ऐकवा की."

"ती गंमत होती," यूनुस म्हणाला.

"गंमत? तो म्हणतो तुम्ही कसम घेतलीत."

"नाक्यावर बोलण्याच्या भरात माणूस काय पण बोलतो."

"म्हंजे पोवळं जेवत नाय?"

"नाय."

"शेजाऱ्याला खात नाय?"

"नाय."

इथपर्यंत अस्लमने त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. पण मुकादमांना आता चव लागली होती. बशीतलं सांदण मोडत त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही पाण्याखाली जायचात, दिवा धरायचात, ते?"

यूनुसला डॉक्टर हानी आठवले. त्यांनीच त्याला खांद्याला धरून पहिल्यांदा पाण्यात उतरवलं होतं. भीतीने त्याने पाय झाडले तेव्हा ते हसले नव्हते, हात धरून राहिले होते. शेजारी बसलेल्या अस्लमने खाकरलं. दाराआड ताजुन्निसाच्या बांगड्या वाजल्या.

"नाय," यूनुस म्हणाला. "मी वरच असायचो. टाक्यांत हवा भरायचो, बस."

"बरं झालं सांगितलंत. आमच्या मनात काय नाय," मुकादम म्हणाले. "पण घरात बायका असतात, त्यांच्या मनात किंतु नको. पोरीला बोलवा. तिच्या डोक्यावर हात ठेवून एकदाच बोला, म्हंजे मला घरी जाऊन सांगता येईल."

बतूल ओढणी सावरत आली आणि बापासमोर खाली बसली. यूनुसने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दगड जेवत नाय," तो म्हणाला. "मी काय बघितलं नाय. जे सांगितलं ते सगळं खोटं." बतूलने मान वर केली नाही. तो हात काढून घ्यायला विसरला, तेव्हा तीच हळूच उठून आत गेली.

"सांदणं फर्मास झालीत," मुकादम म्हणाले. लग्न ठरलं. ईद झाल्यावर आठ दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बातमी आधीच पोचली होती. यूनुसला वाटलं होतं, निदान आता हे थांबेल. पण जगन फार दुखावला होता. "म्हंजे चार वरसं तू आम्हाला बनवत होतास?" त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं. "आम्ही तुला भोळा समजत होतो रे. तू तर पक्का थापाड्या निघालास." बाकीच्यांनाही ते पटलं. वेड्याला चहा पाजायला गावाची हरकत नसते, खोटारड्याला मात्र कुणी जवळ करत नाही. कमळाकर मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मला तेव्हाच शंका होती." यूनुसने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पान उलटलं. त्या दिवसापासून यूनुस चहा घरून आणू लागला.

ईदपर्यंतचे दिवस त्याने दुकानात खाली मान घालून काढले. खोटी कसम घेतली, तीही मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, याची भीती त्याच्या मनातून जात नव्हती. तिला जरा ताप आला तरी तो रात्रभर जागत बसायचा. तेवढ्यातल्या तेवढ्यात एका गोष्टीचा आधार होता. बतूलला खरं माहीत आहे. आपण तिच्यासाठी खोटं बोललो हेही तिला माहीत आहे. अख्खं गाव थापाड्या म्हणू दे, एक माणूस जाणतं ना, मग बास झालं. फक्त निघताना तिला एकदा तोंडाने सांगायचं, म्हणजे जाताना तिच्या मनात काही राहायला नको आणि त्याच्याही.

लग्न साधंच झालं. जेवणं उरकली, पेणला जायची ट्रॅक्स गाडी दारात येऊन उभी राहिली. ताजुन्निसाने रडून घेतलं. बायकांनी बतूलला मागच्या सीटवर खिडकीशी बसवलं. नवरामुलगा पुढे ड्रायव्हरशी बोलत होता, मुकादम सगळ्यांचे निरोप घेत होते. यूनुस खिडकीशी वाकला. त्याला माहीत होतं, एवढाच काय तो वेळ आहे.

"बतूल," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझ्या डोक्यावर हात ठेवून. तुला तर म्हाइतच हाय, खरं काय ते..."

"अब्बा, सोडा ना आता ते." तिने मेंदीचा हात बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण ती हसत होती. "माफी कसली मागताय? मला लहानपणीच कळलं होतं, तुम्ही रचून सांगता. मी अम्मीला कधी बोलले नाय एवढंच."

यूनुसला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"तुम्ही तिकडं एकटे," बतूल म्हणाली. "बोलायला कोण नाय. माझ्यासाठी येवढाल्या गोष्टी बनवायचात. मी विचारत राहायचे, कारण विचारलं का तुम्ही खूश व्हायचात. गोष्टीत काय होतं त्याचं मला काय? मला तुमचा आवाज ऐकायचा असायचा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने हे सगळं इतक्या मायेने सांगितलं होतं की त्यातला एक शब्दही त्याला परत करता येईना. जावई पुढून वळून बघत होता. मुकादम गाडीत चढत होते.

"व्हय गो," यूनुस म्हणाला. "गंमतच होती."

या वेळी त्याला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

"चाचा, मागचं दार नीट लागलं नाय," ड्रायव्हर ओरडला. यूनुसने पाहिलं, बतूलच्या ओढणीचं टोक दारात अडकलं होतं. त्याने दार उघडलं, टोक झटकून तिच्या मांडीवर ठेवलं आणि दार पुन्हा लावलं. लागलं की नाही ते एकदा ओढून बघितलं, आणि गाडीवर थाप मारून तो बाजूला झाला.